आजवा ते सारोद : बडोद्याच्या पाण्याचा हिशेब



ज्या शाळेत मी शिकलो आणि पुढे तीसहून अधिक वर्षे इतिहास शिकवला, त्याच शाळेच्या सभागृहात गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान मला मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. गुरुजींचा विषय भूगोल आणि माझा इतिहास. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत इतिहासाच्या माणसाने काय बोलावे, हा प्रश्न मला पडला होता. पुष्कळ विचार केल्यावर त्यांनीच आम्हाला विचारलेल्या एका प्रश्नापासून आरंभ करावा, असे ठरवले.

आम्ही सातवीत होतो. १९६२ सालचा हिवाळा. गुरुजींनी आमच्या वर्गाला आजव्याच्या सहलीला नेले होते. सरोवर पाहून झाले, शिदोऱ्या सुटल्या, आणि मग गुरुजींनी विचारले, “हे पाणी आपल्या शहरात जाते कसे?” आम्ही एकमुखाने उत्तर दिले, “पंपाने!” गुरुजी म्हणाले, “मग पंप कुठे आहे तो शोधून काढा. ज्याला सापडेल त्याला माझ्याकडून पेढे.” आम्ही पाऊण तास बांधावर पळापळ केली. पंप कोणालाच सापडला नाही, कारण तो तेथे नव्हताच. दमून परत आल्यावर गुरुजींनी सांगितले, “पाणी उताराने जाते. बांधणाऱ्यांनी उतार आधी मोजला, म्हणून पंप लागला नाही.” पेढे मात्र त्यांनी सर्वांनाच दिले.

पुढे मी शिक्षक झालो तेव्हा ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शहराच्या नैर्ऋत्येस एका गावात त्याची वडिलोपार्जित शेती आहे. त्याने पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. बाटलीत चहाच्या रंगाचे पाणी होते. ते त्याच्या कूपनलिकेचे पाणी होते. तो म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला आजवा शिकवलात. हे का नाही शिकवलंत?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझा इतिहास महाराजांच्या निधनाच्या तारखेला, ६ फेब्रुवारी १९३९ ला, संपत असे. शहरात जे पाणी येते त्याची कथा मी सांगत होतो. शहरातून जे पाणी बाहेर जाते, त्याविषयी मी एक शब्दही उच्चारला नव्हता. आर्थिक वाढ, ऊर्जेचा वापर आणि शासनव्यवस्था यांचा निसर्गाच्या टिकाऊपणाशी काय संबंध असतो, हा आज जगभर चर्चेत असलेला विषय आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. परंतु बडोद्याच्या पाण्याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा हिशेब मांडला, तर त्या प्रश्नाचे काहीएक उत्तर हाती येते, असे मला वाटते. ते उत्तर आपल्यापुढे ठेवणे हे माझ्या राहून गेलेल्या तासाचे काम आहे, असे समजावे.

आधी केलेला खर्च

सयाजीराव महाराज (तिसरे) १८७५ मध्ये गादीवर आले आणि १८८१ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत, जानेवारी १८८५ मध्ये, आजव्याच्या कामास आरंभ झाला आणि १८९२ मध्ये पाणी शहरात पोहोचले. या योजनेचे अभियंते जगन्नाथ सदाशिवजी हे होते. शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरांवर, पावागडच्या बाजूच्या उंच भूभागावर, पावसाचे पाणी मातीच्या लांबलचक बांधाने अडवावयाचे आणि ते केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर शहरात आणावयाचे, अशी ही रचना. तोवर शहराची भिस्त विहिरी आणि तळी यांवर होती.

येथे एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. १८९१ च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या आसपास होती. छप्पन्नचा दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएन्झा यांनी ती घटत गेली आणि १९२१ मध्ये तर लाखाच्याही खाली उतरली. म्हणजे धरण बांधून झाल्यावर तीस वर्षे शहर वाढले तर नाहीच, उलट आकसले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती गुंतवणूक ‘जादा’ ठरली. पण पुढे शहर वाढू लागले, तेव्हा हीच जादा तरतूद उपयोगी पडली. १९६१ मध्ये लोकसंख्या तीन लाखांच्या घरात गेली, तोपर्यंत आजव्याने शहराची तहान भागवली. आजही शहराच्या पाण्यात आजव्याचा वाटा आहे.

या योजनेचे तीन गुण मला दिसतात. पहिला हा की खर्च गरजेच्या आधी झाला. दुसरा हा की ऊर्जेचा विचार आराखड्यातच होता. उतार मोजण्याचे कष्ट एकदा घेतले आणि त्यामुळे पुढच्या प्रत्येक दिवसाचे इंधन वाचले. तिसरा गुण असा की ज्याने निर्णय घेतला, त्यानेच त्याचा भार सोसला. पैसा बडोदे राज्याचा, पाणीही बडोदे राज्यातले आणि ते पिणारेही बडोदेकरच. राज्याच्या कारभाराचे वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध होत असत, त्यामुळे जमाखर्च कागदावर होता.

परंतु आपण बडोद्याची मराठी माणसे महाराजांविषयी बोलू लागलो म्हणजे आपला स्वर आरतीचा होतो, आणि माझाही होतो. म्हणून दोन गोष्टी येथेच नोंदवून ठेवतो. राजाच्या दूरदृष्टीला विरोध करणारी कोणतीही निवडून आलेली सत्ता तेव्हा नव्हती. चांगला निर्णय जितक्या सहज झाला, तितक्याच सहज वाईट निर्णयही होऊ शकला असता. शिवाय शहर मंदगतीने वाढत होते, म्हणून त्या नियोजनाला पुरेसा अवकाश मिळाला. दहा-दहा वर्षांत दीडपट होणाऱ्या शहराशी महाराजांची गाठ पडली नव्हती. ती आपल्या पिढीशी पडली.

कारखान्यांचे शहर

बडोद्याच्या रसायन उद्योगाचे बीजही महाराजांच्याच काळातले आहे. १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे, विशेषतः रंगाईच्या रसायनांचे, जाणकार होते. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९०७ मध्ये गज्जर, भाईलालभाई अमीन आणि कोटिभास्कर यांच्या पुढाकाराने अलेम्बिक कारखाना उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा निघाली. विद्या, उद्योग आणि भांडवल अशी तिहेरी सांगड या शहरात घातली गेली. तरीही स्वातंत्र्यापर्यंत बडोदे हे मुख्यत्वे दरबाराचे, शाळा-कॉलेजांचे आणि पेन्शनरांचे गाव होते.

ते चित्र बदलले तेलामुळे. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडले. त्याच १९६० मध्ये १ मे रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले आणि राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय बडोद्यात, रेसकोर्सवर आले. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची कोनशिला बसली. सोव्हिएत साहाय्याने उभा राहिलेला हा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला आणि १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. पाठोपाठ गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा खत कारखाना आला, १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स स्थापन झाली आणि नंदेसरीला लहानमोठ्या रासायनिक उद्योगांची वसाहत वसली. एका कारखान्याचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल होई, आणि म्हणून एकाशेजारी एक असे हे सारे शहराच्या वायव्येला, मही नदीच्या बाजूला, दाटीवाटीने उभे राहिले.

या कारखान्यांवर केवळ टीका करणे हा कृतघ्नपणा ठरेल. या सभागृहात बसलेल्या निम्म्या माजी विद्यार्थ्यांची घरे त्या पगारावर उभी राहिली. माझ्या धाकट्या भावाचे शिक्षण आणि बहिणीचे लग्न कारखान्यात लागलेल्या आमच्या मोठ्या भावाच्या पगारातून झाले. येथल्या खताने शेते पिकली. १९७२ पासून शहरातील घरांना नळाने नैसर्गिक वायू मिळू लागला. देशात ही सोय असलेल्या अगदी पहिल्या शहरांत बडोद्याची गणना होते. आमच्या घरी वायूची नळी आली त्या दिवशी आईने शेगडी माळ्यावर टाकली आणि धुराने चुरचुरणाऱ्या तिच्या डोळ्यांना आराम पडला. आर्थिक वाढीने हवा स्वच्छ होते याचे हे उदाहरण मी घरात पाहिले आहे. तेव्हा वाढ म्हणजे नाश, असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. मात्र त्याच वर्षांत शहराच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे.

पंचावन्न किलोमीटर

कारखान्याला पाणी लागते, आणि वापरलेले पाणी कोठेतरी सोडावे लागते. कोयली-नंदेसरीच्या पट्ट्यातील सांडपाणी आरंभी मिनी नदीत आणि तेथून महीत जाऊ लागले. शहर वाढल्यावर आजव्याचे पाणी अपुरे पडले, म्हणून महीच्या पात्रात खोल विहिरी घेऊन पंपाने पाणी आणण्यास सुरुवात झाली होती. या विहिरींना आपल्याकडे ‘फ्रेंच वेल’ म्हणतात. म्हणजे ज्या महीचे पाणी शहर पीत होते, त्याच महीच्या खालच्या अंगाला शहराचे कारखाने आपले पाणी सोडत होते. आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. आजव्याचे पाणी फुकटच्या उताराने येत होते. महीचे पाणी विजेने उचलावे लागत होते. वाढीबरोबर प्रत्येक घागरीमागची ऊर्जाही वाढली.

नदी वाचवण्यासाठी जो उपाय निघाला, तो अभियांत्रिकीच्या दृष्टीने आजव्याइतकाच धाडसी होता. धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातील सारोदपर्यंत सुमारे पंचावन्न किलोमीटर लांबीचा सांडपाण्याचा कालवा बांधण्यात आला. १९८३ मध्ये तो सुरू झाला. कारखान्यांनी आपापले सांडपाणी ठरावीक मापापर्यंत शुद्ध करून या कालव्यात सोडावयाचे आणि त्याने ते महीच्या मुखापाशी, खंभातच्या आखातात नेऊन टाकावयाचे, अशी योजना. मही नदीवरील भार त्यामुळे हलका झाला, हे मान्य केले पाहिजे.

परंतु भार हलका झाला तो नदीवरचा. तो नाहीसा झाला नव्हता, दुसरीकडे गेला होता. कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतील गावांच्या शिवारांतून जातो. त्या पट्ट्यातील विहिरी आणि कूपनलिका बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. पाण्याचा तुटवडा असलेल्या शेतकऱ्यांनी कालव्यातले पाणी पिकांना घेतल्याच्याही नोंदी आहेत. जे पाणी नदीत सोडण्याच्या लायकीचे नाही म्हणून वेगळे काढले, ते दुसऱ्या वाटेने मातीत आणि ताटात आले. माझ्या विद्यार्थ्याच्या बाटलीतले पाणी नेमके कशाने बिघडले हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि त्यासाठी कोणाचे नावही घेणार नाही. परंतु तो प्रश्न घेऊन प्रथम कोणाकडे जावे, हेच त्याला वीस वर्षे उमगले नाही, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

आजवा आणि सारोद यांची तुलना मी करतो ती येथे. दोन्ही ठिकाणी पाणी दूरवर नेले आहे. आजव्याला खर्च आधी झाला आणि निर्णय घेणाऱ्यांनीच त्याचा लाभ-तोटा भोगला. सारोदच्या कालव्याचा खर्च दुखणे जडल्यावर झाला, आणि ज्यांच्या शिवारातून तो गेला, त्यांचा कारखान्याच्या नफ्यात वाटा नव्हता.

हे केवळ बडोद्यात घडले असे नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली प्रचंड भुयारी गटारे बांधण्यात आली. शहर सुधारले, पण मैला पूर्वेला, नदीच्या खालच्या अंगाला ओतला जाऊ लागला. १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ नावाची आगबोट नेमकी त्या तोंडांजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा त्या पाण्याच्या घाणीची चर्चा झाली. मग १८८७ पासून गाळ जहाजांत भरून समुद्रात टाकण्यास प्रारंभ झाला, आणि ती प्रथा थेट १९९८ मध्ये बंद झाली. घाण आधी नदीत, मग खाडीत, मग समुद्रात. जगातील सर्वांत श्रीमंत शहरानेही शंभर वर्षे तिची केवळ जागा बदलली.

वक्ररेषा आपोआप उतरत नाही

या संदर्भात अर्थशास्त्रातील एका कल्पनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी निरनिराळ्या देशांची आकडेवारी तपासून असे दाखवले, की देशाचे दरडोई उत्पन्न वाढू लागले की काही प्रकारचे हवेचे प्रदूषण आधी वाढते, आणि उत्पन्न एका पातळीपलीकडे गेल्यावर घटू लागते. आलेख काढला तर रेषा टेकडीसारखी दिसते, चढते आणि मग उतरते. सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये उत्पन्नाच्या विषमतेबद्दल असाच विचार मांडला होता, म्हणून या रेषेला त्यांचे नाव मिळाले. पुष्कळांनी तिचा सोपा अर्थ असा लावला, की आधी श्रीमंत व्हा, निसर्गाचे मागाहून पाहू.

बडोद्याचा अनुभव या सोप्या अर्थाला दुजोरा देत नाही. आईच्या स्वयंपाकघरातील धूर खरोखरच कमी झाला, कारण धुराचा त्रास आणि वायूचा लाभ एकाच घरात होता. जेथे त्रास सोसणारा आणि लाभ घेणारा एकच असतो, तेथे रेषा लवकर उतरते. सांडपाण्याच्या बाबतीत ती उतरली नाही, कारण त्रास पंचावन्न किलोमीटर दूर होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा आपला शेजारी अंकलेश्वर देशात पहिला आला. त्या वेळी बडोदे ‘अतिगंभीर’ गटात नव्हते. पुढे २०१८ च्या मोजणीत ते त्याही गटात गेले. या नऊ वर्षांत शहराचे उत्पन्न काही घटले नव्हते. दूरचा त्रास जवळ आणण्याचे काम बाजार करत नाही. ते शासनाला आणि नागरिकांना करावे लागते.

कायदा, न्यायालय आणि वीज

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी गुजरातचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. हवेचा कायदा १९८१ चा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची दुर्घटना घडली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा सर्वसमावेशक कायदा आला. म्हणजे सारोदचा कालवा सुरू झाला तेव्हा पाण्याचा कायदा नऊ वर्षांचा होता. कायद्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती ते रोज, रात्री-अपरात्री पाळले जातात की नाही, हे पाहणाऱ्या डोळ्यांची.

येथे पुन्हा ऊर्जेचा प्रश्न येतो. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा विजेवर चालते. हवा घुसळणारे पंखे, पंप, गाळ सुकवणारी यंत्रे या साऱ्यांचे बिल दरमहा येते आणि त्यातून विक्रीयोग्य माल काहीच निघत नाही. यंत्रणा बांधणे हा एकदाचा खर्च आहे. ती चालू ठेवणे हा रोजचा खर्च आहे. तपासनीस येणार नसेल त्या रात्री ती बंद ठेवण्याचा मोह म्हणूनच होतो. घाण करण्यासाठी ऊर्जा लागली आणि ती निस्तरण्यासाठीही ऊर्जाच लागते, या साध्या गोष्टीचा हिशेब आरंभीच्या नफ्यात कोणी धरला नव्हता.

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्याचे महत्त्व मला यासाठी वाटते. गुजरातमधील पर्यावरण सुरक्षा समिती या नागरिकांच्या संघटनेने केलेल्या अर्जावर तो निकाल होता. सरन्यायाधीश खेहर यांच्या पीठाने देशभरच्या उद्योगांसाठी असे ठरवले, की कारखान्याची प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा प्रत्यक्ष चालू असेल तरच कारखाना चालेल. नसेल तर प्रदूषण मंडळाने वीज कंपनीला सांगून त्याची जोडणी तोडावी. शुद्धीकरणाची वीज वाचवणाऱ्याला उत्पादनाचीही वीज मिळू नये, असा या आदेशाचा मथितार्थ आहे. आदेश निघाल्याने सारे सुधारते असे नाही, हे आपण जाणतो. पण ज्या त्रासाला दार सापडत नव्हते, त्याला दिल्लीपर्यंत जाणारी वाट सापडली, आणि ती राजाने नव्हे, साध्या नागरिकांनी काढली. राजेशाहीत ही वाट नव्हती. लोकशाहीची ही जमेची बाजू आपण विसरू नये.

विश्वामित्रीचा सांगावा

आतापर्यंत मी दूरच्या पाण्याविषयी बोललो. आता शेवटी घराजवळची नदी. विश्वामित्री पावागडातून निघते, कमाटीबागेला वळसा घालते, काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालून जाते, आणि ऐन शहरात तिच्या पात्रात मगरी नांदतात. पूर तिला नवा नाही. १९२७ च्या जुलैतही तिने शहर बुडवले होते. आजवा भरला म्हणजे त्याच्या बासष्ट दरवाजांतून सुटणारे पाणी याच नदीत येते. म्हणजे आजव्याचे वरदान आणि विश्वामित्रीचा पूर ही एकाच पाण्याची दोन रूपे आहेत. बांधणाऱ्यांनी हे जाणले होते, कारण त्या पाण्याला पसरायला तेव्हा कोतरे होती, सखल शेते होती, तळी होती. शहराच्या विस्ताराचा आराखडा करण्यासाठी महाराजांनी १९१६ मध्ये ज्यांच्याकडून अहवाल घेतला, ते पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार तर हिंदुस्थानातील शहरांची तळी बुजवू नयेत, ती शहराचे रक्षण करतात, असे ठिकठिकाणी सांगत फिरले.

आपण ती जागा भरून काढली. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी फूट वर चढली आणि अर्धे शहर पाण्यात गेले. जगाने जाळलेल्या कोळशा-तेलाने हवामान तापते आहे आणि पाऊस असा एकदम कोसळू लागला आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या तेलातला काही भाग आपल्या कोयलीतून गेलेला आहे. पावसावर आपला एकट्याचा ताबा नाही; पण पाण्याची वाट कोणी बुजवली, या प्रश्नाचे उत्तर मात्र शहरातच सापडते. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने विश्वामित्रीच्या पूररेषा आखाव्यात आणि अतिक्रमणे दूर करावीत, असे निर्देश दिले होते. तीन वर्षांनी पूर आला, तेव्हा ते काम संपलेले नव्हते. त्या पुरानंतर पात्रातला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. पुन्हा तेच झाले. खर्च झाला, पण दुखण्यानंतर.

आधी विचार करण्याची बुद्धी आपल्यात उरलीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर सौर ऊर्जेचे छत घालून दहा मेगावॉटचा वीज प्रकल्प सुरू झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून त्याच्या उद्‌घाटनास आले होते. जमीन अडत नाही, सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते आणि इंधन जळत नाही. ज्याने हा विचार केला, त्याने उतार आधी मोजला, असे गुरुजी म्हणाले असते.

शाळेकडे एक मागणे

मित्रहो, बडोद्याच्या या हिशेबातून मी एवढेच काढतो. वाढीने निसर्ग बिघडतोच असे नाही आणि सुधारतोच असेही नाही. निर्णय घेणारा, लाभ घेणारा आणि झळ सोसणारा या तिघांमधील अंतर जितके वाढते, तितकी हानी वाढते. शासनव्यवस्थेचे खरे काम हे अंतर कमी करण्याचे आहे. राजाने ते दूरदृष्टीने केले. आपल्याला ते उघड हिशेबाने, चौकशीने आणि चिकाटीने करावे लागेल, कारण आपल्यात राजा नाही आणि तो नसावा हेच योग्य आहे.

आमच्या पिढीचे पुष्कळ माजी विद्यार्थी या कारखान्यांत अभियंते, रसायनज्ञ, फोरमन, हिशेबनीस म्हणून राबले. त्यांनी जे पाहिले ते कोणत्याही अहवालात नाही. ते आपापल्या हाताने लिहून त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. कोणावर आरोप करण्यासाठी नव्हे. पुढच्या इतिहास शिक्षकाचा धडा १९३९ ला संपू नये, यासाठी.

आणि व्यवस्थापक मंडळाकडे एक मागणे. सातवीची सहल आजही आजव्याला जाते. ती तशीच जावी, मुलांनी तिथे पंप शोधावा आणि त्यांना पेढेही मिळावेत. पण आठवीत गेल्यावर त्याच मुलांना एक दिवस धनोऱ्याला, जेथून तो कालवा सुरू होतो तेथे, न्यावे आणि शिक्षकांनी त्यांना विचारावे, “हे पाणी कुठे जाते?” माझ्या विद्यार्थ्याने आणलेली ती बाटली मी अद्याप जपून ठेवली आहे. शाळेची हरकत नसेल, तर भूगोलाच्या खोलीत गुरुजींच्या तसबिरीखाली ती ठेवावी, अशी माझी इच्छा आहे.